पंधरा पौंडांचा बँड

एल्रॉय कुख्टाचा जुना कीबोर्ड मेला तो भर नाचात. नोव्हेंबरातला रविवार, दुपारचे तीन, पेल्काच्या हॉलमध्ये बेचाळीस माणसं पोल्काच्या तालावर गरगरतायत, आणि आतला ट्युबावाला एकाएकी मुका झाला. पाठोपाठ ड्रमवाला गेला. एकटा भात्याचा कॉन्सर्टिना उरला. तो दोन मिनिटं सुतकात बसल्यासारखा कण्हला आणि मग त्यानंही मान टाकली.

हे ट्युबावाले नि ड्रमवाले काही हाडामांसाचे नव्हेत. ते सगळे त्या कीबोर्डच्या पोटात राहायचे. त्या जातीच्या कीबोर्डला अरेंजर म्हणतात. डाव्या हातानं तीन पट्ट्या दाबल्या की आतला अख्खा बँड त्या सुरावर वाजायला लागतो आणि उजव्या हातानं आपण चाल धरायची. एके काळी एल्रॉयच्या बँडात खरोखरीची पाच माणसं होती. एक देवाघरी गेला, एक फ्लोरिडाला गेला, आणि या दोन्ही बातम्या गावानं सारखंच तोंड करून ऐकल्या. तिसऱ्याचे दात पडले तसा ट्रम्पेट बंद झाला. चौथ्यानं बायकोच्या सांगण्यावरून चर्चमध्ये ऑर्गन धरला. उरला एल्रॉय. त्यानं कीबोर्ड घेतला आणि पाचांच्या जागी एकटाच वाजवू लागला. थकला मात्र पाचांच्या वाटणीचा.

सोमवारी तो शहरातल्या वाद्यांच्या दुकानात गेला. तिथली जॅनेल तिशीतली, चटपटीत पोरगी. तिनं त्याच्या पुढ्यात दोन कीबोर्ड मांडले.

"हा बघा मिस्टर कुख्टा, कार्यक्रमाचा. वजन चाळीस पौंड. आवाज असा की कौलं उडतील. पण स्पीकर तुमचे तुम्ही जोडायचे. आणि हा घरचा. पंधरा पौंड, स्पीकर पोटातच. बँड दोन्हीत तोच."

एल्रॉयनं दोन्ही आलटूनपालटून उचलून पाहिले. वय वर्षं चौऱ्याहत्तर. चाळीस आणि पंधरातला फरक त्याला गणितानं नाही, कमरेनं सांगितला.

"दोन्ही घेऊन जा," जॅनेल म्हणाली. "दोन रविवार वापरा. एक ठेवून घ्या, एक परत आणा. आणि येताना दोन ओळी लिहून आणा, घरासाठी कोणता बरा, कार्यक्रमाला कोणता. गिऱ्हाइकं रोज डोकं खातात, आणि मला तर यातलं ओ की ठो कळत नाही."

"मग दुकान कसं चालवतेस गं?"

"आजोबांनी काढलं म्हणून. त्यांनाही कळत नव्हतं."

परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये डेल्फिन मागच्या दोन खोक्यांकडे वळून वळून बघत होती. डेल्फिन म्हणजे एल्रॉयची बायको. छत्तीस वर्षं तिनं त्याच्या स्पीकरचं दुसरं टोक उचललं होतं आणि त्यापायी तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. शिंप्याला तिचा कोट शिवताना वेगळं माप घ्यावं लागायचं.

"एल," ती शेवटी म्हणाली, "घरचा घे."

"घरचा घेतला तर रविवारी हॉलवर काय वाजवू? शिट्टी?"

"रविवारी घरी बस म्हणतेय मी."

म्हणजे दुकानातल्या पोरीला वाटला होता प्रश्न दोन कीबोर्डांचा, आणि ट्रकमध्ये बसल्यावर तो निघाला वेगळाच. पेल्काच्या हॉलमध्ये एल्रॉयशिवाय दुसरा वादक उरला नव्हता. तो घरी बसला की रविवारचा नाच बसला, आणि नाच बसला की हॉलला कुलूप.

रेकॉर्ड लावावी तर तीही सोय नाही. तिथले लोक रेकॉर्डवर नाचत नाहीत. फ्लॉरियन ग्लोद, वय अठ्ठ्याऐंशी, नाचाऱ्यांतला सगळ्यात जुना. त्याचं म्हणणं असं की रेकॉर्डवर नाचणं म्हणजे बायको घरात असताना तिच्या फोटोला मिठी मारणं. "पण फ्लॉरियन, एल्रॉयचा बँडही पेटीतलाच ना?" असं कुणी म्हटलंच तर तो म्हणे, "असू दे. समोर माणूस घाम गाळतोय ना? मग ते संगीत."

पहिल्या रविवारी एल्रॉयनं चाळीस पौंडांचा नेला.

पेल्काच्या हॉलला अकरा पायऱ्या. नदी चार मैलांवर, तरी हॉलचा मालक नॉर्ब पेल्का याच्या आजोबाला पुराची धास्ती, म्हणून त्यानं हॉल उंचावर बांधला. पूर आजतागायत आला नाही. पायऱ्यांवर बर्फ मात्र दर वर्षी येतं. त्या पायऱ्या चढून एल्रॉय आणि डेल्फिननं कीबोर्ड नेला, लोखंडी स्टँड नेला, पंचेचाळीस-पंचेचाळीस पौंडांचे दोन स्पीकर नेले आणि तारांची पिशवी नेली. दारात अर्धा डझन माणसं कॉफीचे कप धरून आदरानं बघत उभी होती. कुणी पुढे झालं नाही. होतच नाहीत. एकाहत्तर साली फ्लॉरियन मदतीला धावला आणि कुणाचासा अ‍ॅकॉर्डियन त्याच्या हातून सुटला. तो अकराच्या अकरा पायऱ्या गडगडत गेला, आणि जाता जाता त्यानं एका स्तोत्राचं पहिलं कडवं बिनचूक वाजवलं, असं पाहिलेले लोक शपथेवर सांगतात. तेव्हापासून तिथे वादकाच्या सामानाला हात लावणं उद्धटपणाचं समजतात. शिवाय आता हात लावणार तरी कोण? नॉर्बला हर्नियाचा पट्टा, फ्लॉरियनला पेसमेकर. बेचाळीस नाचाऱ्यांत मिळून देवानं दिलेले गुडघे एकोणीसच शिल्लक होते, बाकीचे डॉक्टरांनी दिलेले. सगळ्यात धाकटा अडुसष्ट वर्षांचा. त्याला सगळे "पोऱ्या" म्हणत.

"काय प्रोफेसर," नॉर्ब बारमागून ओरडला, "नवं लग्न लावून आणलंस म्हणे! नवरीचं वजन बरंच दिसतंय!"

"तू तुझ्या बाटल्या पूस," एल्रॉय म्हणाला. त्याला धाप लागली होती.

आवाज मात्र लागला तो खासा! ट्युबाचा पितळी कर्णा असा घुमला की बारवरचे पेले आपणहून सरकू लागले आणि फ्लॉरियनच्या बायकोनं, ग्लोदबाईंनी, कानातलं यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं. पहिला तास झकास गेला. दुसऱ्या तासात एल्रॉयच्या पाठीतून एक कळ निघाली, ती मानेपर्यंत जाऊन तिथेच मुक्कामाला राहिली. डोळ्यांवर झापड. खोलीत ऊब, बाहेर बर्फ, पोटात तळलेला मासा. ‘जी’च्या सुरावर त्याचा डावा हात पडला आणि एल्रॉय कुख्टा बसल्या जागी झोपला.

माणसाचा बँड असता तर थांबला असता. अरेंजरची गोष्ट निराळी. हात उचलला तरी शेवटचा सूर त्याच्या ध्यानात राहतो, आणि दुसरा हुकूम येईपर्यंत तो तोच वाजवत राहतो. वर चाल नाही, खाली नुसतं ‘उम-पा, उम-पा’, एकाच सुरात, गिरणीसारखं.

आणि पेल्काच्या हॉलचा दुसरा नियम असा की वादकानं शेवट केल्याशिवाय फरशी सोडायची नाही. मधूनच निघणं म्हणजे वादकाच्या तोंडावर थुंकणं. तेव्हा बेचाळीस माणसं फिरत राहिली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. कुणी कुणाला म्हणेना की काहीतरी बिनसलंय. ज्याला त्याला वाटे, आपल्यालाच चाल ऐकू येत नसेल. बाराव्या मिनिटाला फ्लॉरियननं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, पाय चालूच. स्टॅन आणि अर्लीन हे जोडपं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतं, नाचायचं तेवढं नाचायचं. त्यांचं भांडण त्या एका नाचात मिटलं, आणि नाच संपायच्या आत नवंही सुरू झालं.

डेल्फिन स्वयंपाकघरात खसखशीचा केक कापत होती. तिच्या कानानं बराच वेळ ‘जी’ सोडून काही ऐकलं नाही, तेव्हा ती हात पुसत बाहेर आली. बघते तो नवरा घोरतोय आणि अख्खं गाव फिरतंय. तिनं पुढे होऊन शेवटाचं बटण दाबलं. झांजा वाजल्या, ट्युबानं शेवटची उचकी दिली, आणि त्या आवाजानं एल्रॉय जागा होऊन सवयीनं म्हणाला, "आभारी आहे मंडळी, आता थोडी विश्रांती घेऊ."

टाळ्या पडल्या. तेवीस मिनिटं झाली होती, नॉर्बनं घड्याळ लावलं होतं.

"छान होती रे," फ्लॉरियन खांबाला टेकून धापा टाकत म्हणाला. "जराशी लांबली, इतकंच."

"मला तर कळलंच नाही वेळ कसा गेला," अर्लीन म्हणाली. तिचा चेहरा बीटासारखा झाला होता.

एकानंही थट्टा केली नाही. नॉर्बसुद्धा बाटल्या पुसत राहिला. तेच एल्रॉयला लागलं. हे लोक हसले असते तर तो पुन्हा वाजवू शकला असता. त्यांनी सांभाळून घेतलं, म्हणजे आपलं संपलं, असं त्यानं धरलं.

घरी आल्यावर त्यानं जॅनेलसाठी कागदावर लिहिलं: ‘मोठा. आवाज उत्तम. हॉल भरतो, माणूस रिकामा होतो. सामान उचलायला घोडा असल्यास घ्यावा.’

मग आठवडाभर तो पंधरा पौंडांच्या धाकट्याशी घरात बसला. स्वयंपाकघराच्या टेबलावर कीबोर्ड, पायात सपाता, शेजारी कॉफी. आवाज गोड, घरभर पुरून उरणारा. डेल्फिन समोर शब्दकोडं सोडवायची. बुधवारपर्यंत त्याच्या ध्यानात आलं की एकही गाणं आपण पुरं करत नाही. अर्ध्यात हात काढतो, उठतो, फ्रिज उघडून आत बघतो, बंद करतो. फरशीवर कुणी नसलं की चाल परत का घ्यायची, दुसऱ्यांदा जरा हळू का वाजवायची, स्टॅनचा पाय अडखळतो तिथे थोडं का थांबायचं, काही कारणच उरत नाही.

"चांगला वाजतोय," डेल्फिन मान वर न करता म्हणाली.

"तुझा पाय हलत नाहीये."

"माझा पाय दुखतोय, एल."

तिचा आवाज इतका थकलेला होता की त्यानं कीबोर्ड बंदच केला.

"ऐक," ती म्हणाली. पेन्सिल खाली ठेवली. "तू वाजव की नको वाजव, मला त्याचं काही नाही. पण स्पीकर मी आता उचलणार नाही. या रविवारी नाही, पुढच्या नाही, तू बेशुद्ध पडलास तरी नाही. मागच्या रविवारी वरच्या पायरीवर माझा हात सुटत होता. तू मागे होतास. सुटला असता तर तुझ्यासकट गेला असता."

"बोलली नाहीस."

"तू धापा टाकत होतास. कधी बोलू?"

एल्रॉयनं कीबोर्डचा प्लग काढून तार गुंडाळली. मग म्हणाला, "मग या रविवारी हाच नेतो. काखेत मारून. चार गाणी वाजवतो, निरोप घेतो, केक खातो, येतो. नुसतं न जाणं बरं दिसत नाही."

"हॉलमध्ये ऐकू येईल का याचा आवाज?"

"निरोपाला किती आवाज लागतो?"

दुसऱ्या रविवारी अकरा पायऱ्या तो एका दमात चढला. एका काखेत बँड, दुसऱ्या हातात घडीचा स्टँड. दारातली माणसं त्याच्या मागे अजून काही यायचंय म्हणून वाट बघत राहिली.

"बाकीचं कुठाय?" नॉर्बनं विचारलं.

"एवढंच."

"हा काय, पहिल्या बायकोचा मुलगा आणलास वाटतं?"

"नॉर्ब," एल्रॉय हळूच म्हणाला, "आज शेवटचं. माझी कंबर गेली आणि डेल्फिनचा खांदा गेला. चार वाजवतो आणि सांगतो सगळ्यांना."

नॉर्बच्या हातातलं फडकं थांबलं. थट्टा करायला तोंड उघडलं होतं, ते त्यानं तसंच मिटलं. मग बाहेर बर्फाकडे बघत तो म्हणाला, "या हॉलमध्ये बोटी ठेवायला जागा मागतोय एक जण. हिवाळाभर. मी त्याला नाही म्हणत आलो."

"आता हो म्हण."

"बघू. वाजव आधी."

एल्रॉयनं सुरुवात केली, आणि झालं ते दर्यात खसखस. कीबोर्डाच्या पोटातला आवाज पहिल्या टेबलापर्यंत गेला, तिथे थबकला आणि माघारी आला. बेचाळीस माणसांचे चौऱ्याऐंशी बूट लाकडी फरशीवर आपटले की त्याखाली ट्युबा म्हणजे विहिरीतला बेडूक. नॉर्बनं बिंगोच्या खेळात आकडे पुकारायचा भोंगा काढला. तार जोडली. त्यातून कॉन्सर्टिना असा निघाला की बाहेर तळ्यावरच्या बदकांनी उत्तर दिलं. बदकं केव्हाच दक्षिणेला गेली होती, हे नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं. पण उत्तर आलं हे खरं. भोंगा काढून टाकला.

माणसं तालाच्या अंदाजानं नाचत होती, आणि ज्याचा त्याचा अंदाज वेगळा. स्टॅन अर्लीनच्या पायावर चढला. एल्रॉयनं तिथेच शेवट केला. फरशीवर सगळे उभे राहिले, त्याच्याकडे बघत. आता सांगायचं, असं मनाशी म्हणून त्यानं घसा साफ केला.

"मंडळी—"

"थांब रे जरा," फ्लॉरियन म्हणाला. तो भिंतीकडेच्या खुर्चीवर बसला होता आणि त्याचं डोकं गुडघ्यांत गेलं होतं. बायकोला वाटलं, पेसमेकर. ती धावली. फ्लॉरियन बुटाची नाडी सोडत होता.

"काय करतोयस?"

"आपणच गोंगाट करतोय. त्या बिचाऱ्याला कशाला दोष?" त्यानं एक बूट काढला, मग दुसरा. "लहानपणी आईनं सांगितलं होतं, कुणी हळू बोलत असेल तर आपण गप्प बसावं."

तो मोज्यांवर फरशीच्या मधोमध येऊन उभा राहिला. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. "हं. वाजव."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग अर्लीन बसली. मग पोऱ्या. वाकायचं म्हणजे तिथे काही साधं काम नव्हे. कुणी कुणाचा पाय मांडीवर घेतला, कुणी नुसतं कण्हत राहिलं. तब्बल पंधरा मिनिटं त्या हॉलमध्ये श्वास आणि शिव्या यांखेरीज काही ऐकू येत नव्हतं. भिंतीकडेला बुटांचा ढीग झाला.

एल्रॉयनं वॉल्ट्झ लावला, घाई नको म्हणून. मोज्यांचे पाय फरशीवरून सुळसुळले, वारा गवतातून जातो तसे. त्यावर ट्युबा होता. लहान होता, पण होता. लोक जवळ आले. आवाज जिथवर पोचतो तिथवरच फिरायचं म्हणून बेचाळीस माणसं त्या कीबोर्डभोवती लहानशा रिंगणात नाचू लागली, इतकी जवळ की एल्रॉयला प्रत्येकाचा श्वास ऐकू यायचा. एरवी दोन स्पीकरांच्या मागून त्याला नुसती डोकी दिसायची. आज कुणाच्या गुडघ्यात कट्कन वाजतं, कोण तोंडातल्या तोंडात ताल मोजतं, सगळं कानावर येत होतं. स्टॅन अडखळणार हे त्याला आधीच ऐकू आलं. तो अर्धी मात्रा थांबला. स्टॅन सावरला.

मग पोल्का. वेणी घालावी तशी माणसं गुंफत गेली आणि मोज्यांवर घसरू लागली. मॅपलची फरशी, शंभर वर्षांचं मेण. पोऱ्याला वळणावर थांबता येईना. तो थेट बारपर्यंत गेला, नॉर्बनं त्याच्या हातात एक ब्रँडी दिली आणि परत ढकलला. ब्रँडी सांडली नाही. ग्लोदबाईंनी पर्समधलं यंत्र काढून पुन्हा कानात घातलं.

चार गाण्यांची सोळा झाली. निरोपाचं काय ते एल्रॉयच्या ध्यानातून गेलं की त्यानंच जाऊ दिलं, हे त्याचं त्याला माहीत. पाच वाजता त्यानं शेवटाचं बटण दाबलं, स्वतःच्या बोटानं आणि जागेपणी.

कीबोर्ड पिशवीत घालायला दोन मिनिटं लागली. छत्तीस वर्षं तो सगळ्यांत शेवटी बाहेर पडत आला होता. तारा गुंडाळून, स्पीकर उतरवून अंगणात यावं तोवर अंगण ओकंबोकं असायचं. आज तो आणि डेल्फिन पहिले. ट्रकमध्ये बसून त्यांनी हीटर लावला आणि बघत राहिले.

आत बुटांचा गोंधळ उडाला होता. सगळ्यांचे बूट एकाच डॉक्टरच्या चिठ्ठीवर घेतलेले, काळे, रुंद, नाड्यांचे. आपला कुठला आणि परका कुठला हे पायालाच ओळखावं लागत होतं. हळूहळू माणसं बाहेर येऊ लागली. एका हातानं कठडा, दुसऱ्यानं शेजाऱ्याची बाही, एकेक पायरी. फ्लॉरियन तर खाली पोचायला गाण्याएवढा वेळ घेत होता. मधल्या पायरीवर दोनदा बसला.

"हे असे दमतात?" एल्रॉयनं विचारलं.

"दर रविवारी," डेल्फिन म्हणाली. "तू कधी वेळेवर बाहेर आलास?"

एल्रॉयनं हीटर आणखी वाढवला. त्याची हाडं दुखत होती. तरी मागच्या रविवारइतकी नाही. तिनं आपला खालचा खांदा हातानं दाबला आणि सीटवर मागे डोकं टेकून डोळे मिटले.

नॉर्ब शर्टावरच बाहेर आला, बर्फातून ट्रकपर्यंत चालत. एका पायात कुणाचातरी मोठा बूट, दुसऱ्यात स्वतःचा. त्यानं काचेवर टकटक केलं. डेल्फिननं काच खाली केली.

"त्या बोटीवाल्याला काय सांगू?" नॉर्बनं तिला विचारलं, एल्रॉयला नाही.

डेल्फिननं डोळे न उघडता मांडीवरची कीबोर्डची पिशवी एका हातानं उचलून पाहिली, बाजारात भोपळा तोलतात तशी. परत ठेवली.

"त्याला सांग दुसरीकडे बघ," ती म्हणाली. "आणि या सगळ्यांना सांग, पुढच्या रविवारी जाड मोजे घालून या म्हणावं. फरशी गार आहे."